शिशाची पलटण

"सोडा ना... मी आधी पाहिलाय हा डबा."

"पाहिला असेल. धरलाय मी!" मी म्हटलं.

१९९६ सालची, बंगलोरची गोष्ट. अ‍ॅव्हेन्यू रोडच्या रविवारच्या जुन्या बाजारात, देवाप्पा भंगारवाल्याच्या पथारीवर, बिस्किटांच्या गंजक्या डब्यात शिशाचे बोटभर सैनिक होते. कुणाचा रंग उडालेला, कुणाचा हात तुटलेला. कुणीतरी टाकून दिलेले... म्हणूनच मला हवे होते.

"भावासाठी?" डबा मागणाऱ्या त्या तरुणानं विचारलं.

"माझ्यासाठी. का?"

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. अवधूत, मूळचा नागपूरचा, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनियर. दर रविवारी दुपारी मल्लेश्वरमच्या एका मंडळात टेबलावर अशाच पलटणी मांडून, फासे टाकून लढाया खेळायचा.

"डबा तुमचा," तो म्हणाला. "निदान तुटलेले हात तरी मला लावू द्या."

मग दर रविवारी सकाळी आम्ही दर्शिनीत, म्हणजे तिथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी प्यायचो. तो पितळी तारेचे इवलेसे भाले घडवून आणायचा, मी रंगवायचे. सैनिक हातात देताना बोटं उगाच एकमेकांत रेंगाळायची.

"जांभळे फेटे? असं सैन्य कुठं असतं?"

"माझं असतं."

"शाल्मली, तुमच्याशी लढायचं म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"काही नाही. कॉफी गार होतेय."

मीही खेळणार म्हटल्यावर मंडळाचे प्रमुख पद्माकर मात्र साफ म्हणाले, "इथं मुली खेळत नाहीत. आणि ही भंगारातली पलटण तर नकोच."

"नियमात कुठं लिहिलंय, दाखवा," मी म्हटलं. लिहिलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी चार वाजताचा डाव मिळाला... समोर अवधूत!

"मुद्दाम हरलात तर तोंड पाहणार नाही," मी बजावलं.

आणि नेमके त्याच रविवारी पाचला, पुण्याहून पाहुणे मला बघायला येणार होते! बाबा संशोधन खात्यातले, शिस्तीचे. "चोवीस वर्षांची घोडी झालीस, आणि खेळणी?"

"बाबा, या स्थळाला मी नाही म्हटल्याला महिना झाला. तुम्ही ऐकलं नाहीत. पाहुण्यांना आत्ताच फोन करा. मी घरी नसेन."

चपला घातल्या, डबा उचलला आणि गेले.

अवधूत जीव तोडून लढला. माझे घोडेस्वार त्यानं टेबलाच्या कडेपर्यंत रेटले. शेवटच्या फाशाला माझा सेनापती पडला, आणि मी हरले.

"सांगितलं नव्हतं?" पद्माकर म्हणाले.

"पुढच्या रविवारचा डाव लिहून ठेवा," मी म्हटलं. "माझ्या नावावर."

जिन्यात अवधूत मागून धावत आला. "रागावलात?"

"नाही. आजवर सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं... तू बरोबरीनं लढलास." 'तू' कधी म्हणून गेले, कळलंच नाही. "म्हणून माझा होकार आहे."

तो गोंधळला. "पण मी... अजून विचारलंच नाही."

"मग विचार!"

त्यानं माझे रंग लागलेले हात हातात घेतले. "लग्न करशील माझ्याशी?"

"हो."

"बाबांना कधी सांगायचं?"

रस्त्यावर येऊन मी हात केला. रिक्षा थांबली.

"आत्ता," मी म्हटलं. "पाहुणे बसलेले असतील, तर त्यांच्यासमोर."