साठ बाया, तीस लाडू

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मोताळ्याच्या बाजारात मी ती एकाला सांगितली, तर तो मध्येच उठून गेला तो परत आलाच नाही. त्याची भाजीची पिशवी अजून आमच्याकडं आहे. पण गोष्ट खरी आहे. हवं तर सोजराबाईला विचारा. सोजराबाई म्हणजे माझी बायको. ही काय, समोरच बसून तुरीच्या शेंगा सोलते आहे.

दसरा होऊन चार-सहा दिवस झाले असतील. पिंपळगाव राजाच्या पुढं आमच्या गावाचा फाटा आहे, तिथं खामगावहून येणारी एसटी थांबली. मी टपरीच्या बाकावर बसलो होतो. कंडक्टरनं थर्माकोलचे दोन पांढरे डबे खाली दिले. दोन्ही अगदी सारखे. एक डबा आरोग्य केंद्रातल्या प्रेमानंदसाठी होता. प्रेमानंद रक्त तपासतो. त्याचा हात इतका हलका, की डास त्याच्याकडं शिकायला येतात असं मी गावभर सांगत असतो.

त्यानं एक डबा उचलला, मोटरसायकलला बांधला आणि किक मारली. त्याची गाडी एरवी चौथ्या किकला सुरू होते. त्या दिवशी सातवी लागली. नाही तर ही गोष्ट घडलीच नसती.

"थांबा, भाऊ. तो डबा माझा आहे."

एसटीतून एक मुलगी उतरत होती. खांद्याला बॅग, कपाळावर घामानं चिकटलेली बट, आणि आवाज असा, की तापलेल्या पोराला गप झोपवावं.

"मॅडम, हा सरकारी डबा आहे," प्रेमानंद म्हणाला. "याच्यात रक्त तपासायच्या बाटल्या आहेत."

"उघडून पाहा."

त्यानं झाकण काढलं. आत ओळीनं लाडू. अळीव, तीळ, गूळ आणि साजूक तूप... वास टपरीपर्यंत आला.

"सरकारनं बाटल्या लय सुधारल्या वाटते," ती म्हणाली.

प्रेमानंदचे कान लाल झाले. "मोजून घ्या, मॅडम. मी एकही खाल्ला नाही."

"मोजलेलेच आहेत. एक जरी इकडचा तिकडं झाला, तर माझी पदवी जाईल."

"एका लाडवापायी?"

"एका लाडवापायी."

तेव्हा कुठं त्यानं वर पाहिलं. तीही पाहत होती. ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न दिला, कंडक्टरनं घंटी मारली, तरी दोघं रस्त्याच्या मधोमध उभी. ती एसटी मोताळ्याला पोचली ती थेट दुसऱ्या दिवशी.

ती मयुरी. खामगावला एका दवाखान्यात नर्स होती, आणि वर्षभराची रजा काढून नर्सिंगची वरची पदवी शिकत होती. त्या पदवीसाठी संशोधन करावं लागतं. तिचा विषय विद्यापीठानं मंजूर केला होता: कापूस वेचणाऱ्या बायांच्या अंगातलं रक्त. तिची आई वेचणीला जायची आणि दुपारच्या उन्हात चक्कर येऊन वावराच्या बांधावर, धुऱ्यावर पडायची. विषय तिथून आला होता.

काम सोपं वाटावं असं होतं. रक्त कमी असलेल्या साठ बाया निवडायच्या. लोहाच्या सरकारी गोळ्या साठही जणींना चालू. त्यातल्या तिसांना त्याशिवाय रोज एक लाडू, तीन महिने. उरलेल्या तिसांना लाडू नंतर. दोन्हींकडचं रक्त मोजायचं आणि लाडवानं काही फरक पडतो का ते पाहायचं. फरक दिसला तर पदवी, आणि गावोगावच्या बायांना सांगायला एक स्वस्त औषध. नाही दिसला तर रजा संपवून मुकाट्यानं ड्यूटीवर जायचं.

रक्त मोजणार प्रेमानंद. पण लाडू कोण खातं आणि कोण नाही, हे त्याला कळता कामा नये. माहीत असलं की माणसाचा डोळा नको तिकडं ओढ घेतो. म्हणून बाटल्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. आणि मयुरीनं पहिल्याच संध्याकाळी आरोग्य केंद्राच्या मागच्या ओट्यावर चहा पिताना बजावलं, "आपण कामाचं काही बोलायचं नाही."

"मग काय बोलायचं?"

"नाही बोललं तरी चालते."

"मले नाही चालत," प्रेमानंद म्हणाला.

आता मला सांगा, दोन माणसं एकाच कामावर आहेत आणि कामाचं बोलायला बंदी आहे, तर ती दुसरं काय करणार? ती सगळं बोलली. बारावीला फिजिक्समध्ये तो कसा आपटला, ते त्यानं सांगितलं. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून ती हिरवी मिरची चावते, हे तिनं सांगितलं. त्याला पोहता येत नाही. तिला विंचवाची भीती वाटत नाही, पण पालीची वाटते. पंधरा दिवसांत तिच्या तोंडचं 'भाऊ' गेलं. कुठं गेलं कोणाला कळलं नाही, आणि प्रेमानंदनं शोधलंही नाही.

एकदा ती वावरातून बायांची विचारपूस करून आली. ढगाळ दिवस होता, वारं सुटलेलं.

"तुमच्या केसात कापूस आहे," तो म्हणाला.

"कुठं?"

"इथं..." त्यानं स्वतःच्या डोक्याला हात लावला. "म्हणजे, तिकडून... मागं."

"दाखवता काय? काढा."

त्यानं हात पुढं केला. बोटं थरथरत होती. कापसाचा एवढासा पुंजका काढायला त्याला एवढा वेळ लागला, की तेवढ्यात आमच्या सोजराबाईनं एक पाटी वेचून भरली असती.

"सुई टोचताना तर हात हलत नाही तुमचा," मयुरी म्हणाली.

"तेव्हा समोरची बाई हसत नसते."

तिनं चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी ती पीत राहिली.

असे दोन महिने गेले आणि मधली तपासणी आली. प्रेमानंदनं साठही जणींचं रक्त मोजलं आणि कागद घेऊन धावतच ओट्यावर आला. एवढी एकच कामाची गोष्ट बोलायची त्याला मुभा होती.

"वाढलं, मॅडम. साठच्या साठ जणींचं वाढलं. एकही मागं नाही."

मयुरीच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "साठही जणींचं?"

"हो. काऊन? चांगलंच आहे ना?"

बायांसाठी चांगलंच होतं. पण लाडू खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या सारख्याच वाढल्या, तर लाडवानं केलं काय? तिचं वर्ष त्या एका कागदात बुडालं होतं. ती रात्रभर जागली असावी, कारण सकाळी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिनं घडी घातलेला एक कागद टेबलावर ठेवला.

"यात लाडू खाणारे तीस नंबर आहेत," ती हळू बोलली. "बाकीच्यांचे आकडे... एकदा पुन्हा पाहता का? थोडे..."

पुढचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. प्रेमानंदला मात्र तो ऐकू आला. त्यानं कागदावर हात ठेवला, पण उघडला नाही.

"साठही पुन्हा मोजतो," तो म्हणाला. "पण हे न वाचता."

"माझं वर्ष जाईल, प्रेमानंद."

"जाईल." त्यानं कागद तिच्याकडं सरकवला. "तुम्ही मले दोन महिने कामाचं बोलू दिलं नाही. म्हणून बाकी सारं बोललो. आता हे वाचलं, तर ते बोललेलंही खोटं वाटन मले."

तिनं कागद उचलला आणि निघून गेली. आठ दिवस ओट्यावर चहा झाला नाही. तो मात्र रोज संध्याकाळी तिथं बसायचा, एका कपात चहा घेऊन. मी विचारलं, "काय बे, आज एकटाच?" तर म्हणे, "शेषराव काका, उन्हाले बसलो." तेव्हा ऊन मावळून अर्धा तास झाला होता.

त्या आठवड्यात त्यानं बायांना पुन्हा बोलावून साठही जणींचं रक्त पुन्हा मोजलं. आकडे तेच. नवव्या दिवशी तो तिच्या गावातल्या भाड्याच्या खोलीच्या दारात गेला. आत गेला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आकडे बरोबर आहेत. एक सांगू? माझीही आई वेचणीले जायची. तुम्ही वावरात सकाळी जाता. एकदा दुपारी जा. बाया कशा जेवतात ते पाहा."

एवढं बोलून तो वळला. कोण लाडू खातं हे त्याला तेव्हाही माहीत नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही.

दुपारी मयुरी वावरात गेली. वेचणाऱ्या बायांची म्होरकी आमची सोजराबाई. बोरीच्या सावलीत बायांनी गोल पंगत मांडली होती. प्रत्येकीनं आपलं फडकं सोडून मधोमध ठेवलेलं. भाकरी, ठेचा, बेसन, कांदा... आणि एका फडक्यावर लाडवांचे तुकडे. सकाळी मयुरीनं वाटलेले लाडू बायांनी पदराला बांधून आणले होते आणि फोडून पंगतीत टाकले होते.

"हे काय, काकू?" मयुरीच्या तोंडून कसंबसं आलं.

"जेवण," सोजराबाई म्हणाली. "बस व माय. भाकर खाय."

"पण लाडू जिचा तिनंच खायचा होता. मी सांगितलं होतं ना, रोज खा म्हणून."

"रोजच खातो. एक दिवस नागा नाही." सोजराबाईनं ठेचा पुढं सरकवला. "पण शेजारीण पाहून राह्यली अन् आपण गटागटा गिळावं, हे तू सांगतलं नव्हतं. सांगतलं असतं, तरी माह्या पंगतीत चाललं नसतं."

रुख्मिणी लाडू न मिळणाऱ्यांतली होती. ती घास हातातच धरून बसली. "मले वाटलं तुले माहीत आहे, ताई. लय फरक पडला पाहा. आवंदा एक बी दिवस चक्कर आली नाही मले. चुकलं का आमचं?"

मयुरी खाली बसली. धुऱ्याकडं बराच वेळ पाहत राहिली. मग डोळे पुसत हसायला लागली. "नाही, रुख्मिणीबाई. चुकलं माझं. मी तुम्हाला साठ वेगवेगळ्या बाया समजले."

कोणीतरी तिच्या तळहातावर भाकरीचा चतकोर ठेवला, वर ठेचा. तिनं खाल्ला. रात्रपाळीत मिरची चावणारी ती, पण सोजराबाईच्या ठेच्यानं तिलाही पाणी मागावं लागलं.

तिनं जे झालं ते तसंच लिहिलं आणि कॉलेजात आपल्या गाइड मॅडमपुढं ठेवलं. बाईंनी सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, "आकडे कुठं बदलले नाहीत ना?"

"नाही, मॅडम. मी बदलायला निघाले होते. मोजणाऱ्यानं बदलू दिले नाहीत."

बाईंनी कागद मिटवले. मग म्हणाल्या, "जिथं माणसं एका फडक्यावर जेवतात, तिथं गावाचे दोन भाग पाडता येत नाहीत. एक अख्खं गाव लाडवाचं धरावं लागेल, दुसरं अख्खं बिनलाडवाचं. तुझं हे गाव झालं. आता शेजारचं एखादं गाव घे, तीन महिने तिथंही रक्त मोज, आणि इथं काय चुकलं तेही प्रबंधात लिही. पुढच्या पोरींच्या कामी येईल."

वर्ष वाचलं. तीन महिने वाढले. रजाही वाढवून मिळाली.

आता शेवट. तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून बिनधास्त सांगतो. मयुरी कॉलेजातून परत आली, त्याच दिवशी पिंपळगाव राजाचा बाजार होता. प्रेमानंद गर्दीतून वाट काढत आला, कापसानं भरलेल्या गाडीवर चढला आणि साऱ्या बाजारासमोर म्हणाला, "मयुरी, माझ्या रक्तात तूच आहेस, हवं तर तपासून पाहा." बाजार चिडीचूप. वांगी विकणाऱ्यानं तराजू खाली ठेवला. मयुरी गाडीवर चढली आणि असं खणखणीत 'हो' म्हणाली, की तिकडं जलंब स्टेशनात रेल्वे सिग्नल नसताना थांबली. मी खालीच उभा होतो. माझ्या टोपीत हा एवढा कापूस...

"खोटं."

सोजराबाईनं शेंगांची पाटी बाजूला सारली.

"सारं खोटं. तुम्ही त्या दिवशी खामगावले होते, डोळ्याच्या ऑपरेशनले. पट्टी बांधून खाटेवर पडेल होते, अन् म्हणे पाह्यलं. बाजार नाही, गाडी नाही. पोरगी आपल्या आंगणात आलती, मले सांगाले का तीन महिने वाढले म्हणून. मागून तो आला. दाराशीच उभा राह्यला. म्हणे, 'दुसऱ्या गावातल्या बायांचं रक्त मोजाले मीच येतो.' तर पोरगी म्हणे, 'तुम्ही नाही चालत.' एवढुसं तोंड झालं बापड्याचं. म्हणे, 'काऊन? माहा हात जड झाला का?' पोरगी म्हणे, 'हात चांगला आहे. पण मोजणारा माणूस घरचा नसावा, असा नियम आहे.' तो म्हणे, 'पण मी कुठं घरचा आहे?' पोरीनं कोणत्याच गाडीवरून हो म्हटलं नाही. खाली पाह्यलं, अन् इतकं हळू बोलली का मलेच कान द्यावा लागला. म्हणे, 'तीन महिन्यांत होशील ना.'"