चंद्रावरचं हसू आणि साखरेचा डबा

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मी हे कोणाला सांगतच नाही," असं म्हणून दामूआजोबांनी सांगून टाकलं. तरुणपणी त्यांनी एका बोक्याचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला, फाइलच्या नावाची शेपटी बदलली, आणि फोटोतला बोका असा खणखणीत म्याव म्हणाला की शेजारचा कुत्रा गाव सोडून गेला.

शाल्मलीने विश्वास ठेवला. आजोबांनी चंद्रावर धावणाऱ्या गाड्यांची चाकं बनवली होती. असा माणूस एका बोक्यापायी खोटं कशाला बोलेल?

शिवाय तिला गरजच होती. तिची आई चांद्रतळावर (चंद्रावरच्या माणसांच्या वस्तीत) पाणी शोधायला गेली होती. तिथून घरी काही पाठवायची पाळी क्वचित येई, आणि या पाळीला आईचा एकच फोटो आला होता. बाहीवर राखाडी धूळ, हातात देवरुखहून नेलेली आमसुलांची पुडी आणि तोंडभर हसू. हसू दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं.

दुपारी आजोबा खुर्चीत पेंगायला लागले, तसं शाल्मलीने 'आई.jpg' या नावाचं 'आई.mp3' केलं. कॉम्प्युटरने विचारलं, "शेपटी बदलली तर फाइल कदाचित उघडणार नाही. तरी बदलू?" तिने 'हो' दाबलं.

गाणी वाजवणारा प्रोग्राम जागा झाला, जरा घुटमळला आणि म्हणाला, ही फाइल वाजवता येत नाही. फोटोही दिसेना. आईच्या जागी नुसतं गाण्याचं चिन्ह.

"आजोबा," शाल्मलीचा आवाज अगदी बारीक झाला होता, "मी आईला पुसून टाकलं."

आजोबांनी पडद्याकडे पाहिलं, "हं" म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे निघाले.

"इथे आई गेली आणि तुम्हाला भूक लागली?"

"तू ये तर खरी."

ओट्यापाशी पळी आमटी करत होती. पळी म्हणजे त्यांच्या घरचा स्वयंपाकाचा यंत्रमानव. कामाला वाघ, पण विश्वास फक्त लेबलांवर. आजोबांनी हळूच मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांवरच्या लेबलांची अदलाबदल केली. पळीने 'मीठ' वाचलं आणि त्या डब्यातले दोन चमचे आमटीत लोटले.

"चाख," आजोबांनी वाटी पुढे केली.

"शी. आमटी आहे की पाक?"

"असं कसं? लेबलावर तर मीठ लिहिलंय."

"लेबल बदललं म्हणून साखर खारट होते का?" शाल्मली फणकारली, आणि तोंड उघडं ठेवून तशीच थांबली.

"बोल पुढे."

"आतलं... बदलत नाही?"

"कणभरही नाही. फाइलच्या पोटात नुसते आकडे असतात. फोटोच्या फाइलीत कुठे कुठला रंग त्याचे, गाण्याच्या फाइलीत आवाज कसा चढला-उतरला त्याचे. एक्सटेन्शन (नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं) हे डब्यावरचं लेबल. ते वाचून कॉम्प्युटर ठरवतो, फाइल कुणाच्या हाती द्यायची. तू .mp3 लिहिलंस, त्याने आईला गवयाकडे पाठवलं. गवई रंगांच्या आकड्यांचं काय करणार?"

शाल्मली धावतच परत गेली. काही कॉम्प्युटर ही शेपटी लपवून ठेवतात, तिथे आधी 'एक्सटेन्शन दाखवा' असं सांगावं लागतं, एवढं आजोबा मागून ओरडेपर्यंत तिने पुन्हा .jpg लिहिलंसुद्धा.

आई हसली. पुडी, धूळ, सगळं जागच्या जागी. शाल्मलीने बाहीने नाक पुसलं.

"आणि फाइल खरंच दुसऱ्या प्रकारची करायची असेल तर?"

"तर आधी माल बदलायचा. साखर दळली, पिठीसाखर झाली, मग लेबल. चित्रांचा प्रोग्राम फोटो उघडतो आणि तेच चित्र, समज, .png च्या रीतीने नव्याने लिहून काढतो. शेपटी आपोआप बदलते. त्याला रूपांतर म्हणायचं."

"फोटोचं गाणं?"

"रंगांच्या आकड्यांवरून सूर वाजवणारा प्रोग्राम लिहिता येईल. लिही मोठी होऊन. पण ते सूर तुझे असतील, आईचं हसू नव्हे."

शाल्मलीने विचार केला आणि चंद्राकडे जाणाऱ्या पुढच्या निरोपात लिहिलं, 'आई, या वेळी फोटो नको. हसून ते रेकॉर्ड कर आणि पाठव. शेपटीला हात लावणार नाही.'

पळीने गोड आमटी वाढली. आजोबांनी ती मिटक्या मारत खाल्ली आणि त्यांना पुन्हा सुरसुरी आली.

"तर तो बोका. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या फोटोला सिनेमाची शेपटी लावली, तर तो पडद्यावरून थेट दुधाच्या पातेल्या..."

"आजोबा," शाल्मली म्हणाली, "थाप. डब्यात नव्हतंच, तर लेबल लावून निघेल कुठून?"