खंदकातला उंच माणूस

आधी एक सांगा, विश्वास कोणावर ठेवाल? डोळ्यांनी पाहिलं म्हणणाऱ्या माणसावर, की फोटोवर? घाईनं उत्तर देऊ नका. जुने कॅमेरे घेण्या-विकण्यात माझी तीस वर्षं गेली. "एकदाही समुद्राकाठी नेला नाही हो" असं शपथेवर सांगून गेलेल्या गिऱ्हाइकांच्या कॅमेऱ्यांतून मी चिमूट-चिमूट मीठ झटकलेलं आहे. त्यामुळे माणसाचा शब्द मी तोलूनच घेतो. फोटो मात्र खोटं बोलत नाही, असं फांग-रूची गोष्ट कळेपर्यंत मी मानत होतो.

फांग-रू आमच्या तैवानातल्या कीलुंग बंदरातलीच. वय एकोणतीस, उंची जेमतेम पाच फूट. दिवसा माल पाठवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत कंटेनरच्या याद्या लिहायची आणि संध्याकाळी हेवी मेटल संगीत वाजवणाऱ्या बँडांच्या कार्यक्रमांचे फोटो काढायची. पहिलं वर्ष नुसत्या फुकट प्रवेशावर काढलं. दुसऱ्या वर्षी घरात काळ्या टी-शर्टांचा ढीग झाला, कारण बँडवाले मोबदला म्हणून तेच द्यायचे. एका ड्रमवाल्याच्या आईनं तर अननसाच्या वड्यांचा डबा पाठवला आणि वर निरोप, "पोराचं तोंड केसांच्या बाहेर दिसेल असा एक तरी फोटो काढ गं बाई!" पण पोरगी चिकाटीची. हळूहळू बोलावणी येऊ लागली, मग पाकिटं येऊ लागली आणि पाचव्या वर्षी 'काळी भरती' या बँडचा व्यवस्थापक तांग तिच्या दारात उभा राहिला.

"जपानात चार शहरं आहेत," तांग म्हणाला. "बरोबर फोटोवाला न्यायचाय. शनिवारी बर्फाच्या कारखान्यात आमचा कार्यक्रम आहे. पहिल्या गाण्याला समोरचा काळा पडदा कोसळतो ना, त्या क्षणाचा फोटो हवा. आणलास तर तू. नाहीतर दुसरे तिघं रांगेत आहेत."

फांग-रूनं दुसऱ्याच दिवशी कचेरीत राजीनामा दिला. आई म्हणाली, "अगं, पाऊल टाकण्याआधी जमीन तरी बघ!" पण बाण सुटला होता. आता तो फोटो मिळाला तर सगळं मिळालं, नाहीतर महिनाअखेरीस हात चोळत बसायचं.

अडचण एकच होती. महिना सातवा, आमच्याकडे मेलेली माणसं पाहुणी म्हणून येतात तो.

बर्फाचा जुना कारखाना शिएह काकांचा. पूर्वी मासेमारी बोटींना तिथून बर्फ जायचा. भिंती हातभर जाड, आणि कितीही अगरबत्त्या लावा, आत गंज, खारं पाणी आणि शिळी मासळी यांचा वास कायम. मंच आणि गर्दी अडवणारा लोखंडी कठडा यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी असते, तिला फोटोवाले खंदक म्हणतात. एरवी त्यांना पहिली तीन गाणी खंदकात मिळतात. पण सातव्या महिन्यात काकांचा कायदा वेगळा. पहिलं गाणं खंदक मोकळा ठेवायचा. तिथं बुटक्या स्टुलांची रांग, पुढे बिअरचे डबे आणि खाऊ. पहिलं गाणं 'भल्या भावां'चं. त्यांचं खरं नाव त्या महिन्यात आमच्याकडे कोणी घेत नाही. फोटोवाले बाजूच्या दारात थांबतात आणि दुसऱ्या गाण्याला आत येतात. इतक्या वर्षांत हा कायदा कोणी मोडला नव्हता.

शनिवारी दुपारी काका स्टुलं मांडत होते.

"काका, अर्धंच गाणं," फांग-रू म्हणाली. "पडदा पडला की मी बाहेर."

"पडदा त्यांच्यासाठीच पडतो."

"फ्लॅश नाही, काही नाही. त्यांना कळायचंसुद्धा नाही."

"पोरी, पाहुणे जेवायला बसायच्या आधी घरचं कोणी ताटात हात घालतं का?"

दारात चहाचा ग्लास घेऊन तिचा जुना जोडीदार बाओ उभा होता. सहा फुटांचा आडदांड फोटोवाला. तो म्हणाला, "जाऊ द्या हो काका. ही एवढीशी! भल्या भावांच्या पायात आली तर तेच उचलून बाहेर ठेवतील."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी शेवटचं स्टूल ठेवलं आणि ते उगाचच थोडं डावीकडे सरकवलं, कोणी आधीच बसलं असावं तसं.

संध्याकाळी सहाला दिवे गेले. हजारभर लोकांनी एकदम आरोळी ठोकली. धुराच्या यंत्रातून पांढरे लोट सुटले आणि त्या धुराच्या आडून, मंचाखालच्या फटीतून सरपटत, फांग-रू खंदकात शिरली.

कानात बोळे होते. सगळ्यांच्याच असतात, नाहीतर कान जातात. त्यामुळे खंदकात कोणी बोलत नाही, सगळी भाषा हाताची. मागून खांद्यावर थाप पडली की समजायचं, "मला पुढे येऊ दे." मग आपण वाकायचं. आपल्याला पुढे जायचं असेल तर आपण थापायचं. मागे वळून बघायला तिथं कोणालाच सवड नसते. आणखी एक रीत म्हणजे, बुटक्यानं आपला कॅमेरा उंच माणसाच्या हातात द्यायचा. तो हात उंचावून एक फोटो काढतो आणि कॅमेरा परत देतो. बाओनं तिच्यासाठी हे शंभर वेळा केलं होतं.

अंधारात तिला कोपरं लागली. गर्दी होती. तिला मनात हसू आलं. 'वा! म्हणजे सगळेच चोर!'

डाव्या खांद्यावर थाप पडली. ती वाकली. कोणीतरी पुढे गेलं आणि त्याची ओली बाही तिच्या गालावरून फिरली. घामानं भिजली असेल. पण घाम इतका गार असतो का?... विचार करायला वेळ नव्हता. ड्रमचे ठोके छातीत बसू लागले होते. तिनं पुढच्याच्या खांद्यावर थाप मारली. हाताला बर्फातून काढलेल्या माशासारखं काहीतरी लागलं, टणक आणि बुळबुळीत. तो खांदा निमूटपणे खाली गेला. ती पुढे सरकली.

आणि नेमका तेव्हाच एक उंच माणूस तिच्यासमोर उभा राहिला. पाठ एवढी रुंद की मंच दिसेना. पडदा थरथरू लागला होता. आणखी दोन ठोके, की पडणार! जपान, राजीनामा, आईचं बोलणं, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. तिला वाटलं, बाओच आहे. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कॅमेरा त्याच्या हातात कोंबला.

हात वर गेला. वर... आणखी वर. पडदा कोसळला. कॅमेरा परत तिच्या हातात आला, दिला तेव्हापेक्षा जड आणि ओला.

गाणं संपलं, दिवे लागले. खंदकात ती एकटी होती. स्टुलं जशीच्या तशी रांगेत होती. बाजूच्या दारातून बाओ आणि बाकीचे तेव्हा कुठे आत येत होते.

बाओनं तिला कठड्याजवळ ओढलं आणि कानातला बोळा काढला. "तू आत होतीस? वेडी का खुळी?"

"तू नव्हतास?"

"मी दारात होतो. चहा अजून हातात आहे बघ." मग आवाज खाली गेला. "फांग-रू... तू कोणासाठी वाकत होतीस?"

उरलेली गाणी तिनं कशी काढली, तिचं तिलाच ठाऊक नाही.

घरी येऊन तिनं फोटो पाहिला. असा फोटो तिला जन्मात जमला नसता. पडदा काळ्या लाटेसारखा अर्ध्यावर मोडलेला, त्यामागे चौघं वादक, आणि हे सगळं उंचावरून, जिथवर कोणाचा हात पोचणार नाही तिथून. एकच खटकणारी गोष्ट होती. चौघंही वाजवायचं सोडून वर कॅमेऱ्याकडे बघत होते, आणि त्यांची तोंडं उघडी होती ती गाण्यासाठी नव्हती.

सकाळी काका तिच्या दारात आले. आत आले नाहीत.

"बाओनं सांगितलं. मला एवढंच सांग, तू त्यांच्याकडून काही घेतलंस?"

"नाही, काका."

"कोणी काही करून दिलं? काहीही? असेल तर त्याच्यावर आपलं नाव घालू नकोस. जागा कोरी सोड. ते रागावत नाहीत गं, ते व्यवहार करतात. आपण दिलं ते घेतात. आपण घेतलं तर... तेही घेतात."

"काही नाही घेतलं हो," फांग-रू म्हणाली आणि दार लावलं.

तासाभरानं फोटो तांगकडे गेला. तांग फोनवर ओरडलाच. "हा तर नव्या अल्बमच्या मुखपृष्ठावर! नाव काय घालू?"

फांग-रूनं कॅमेरा कपाटात सारला. मग म्हणाली, "माझंच घाल. दुसरं कोणाचं घालणार?"

ओसाकाला सातवा महिना नाही, बर्फाचा कारखाना नाही. लखलखीत सभागृह, खंदकात हाडामांसाचे आठ जपानी फोटोवाले. पहिलं गाणं सुरू झालं आणि डाव्या खांद्यावर थाप पडली. ती सवयीनं वाकली. ओली बाही गालावरून गेली. हातातला कॅमेरा कोणीतरी अलगद काढून घेतला आणि क्षणात परत दिला. फोटो पुन्हा तसाच, उंचावरून, डोळे दिपवणारा. फक्त या वेळी चौकटीत मंच पाऊणच होता. खालच्या पाव भागात खंदक आला होता.

तांग खूश. त्यानं तो तिच्या नावानं नेटवर टाकला. तिनं टाकू दिला.

नागोयाला पुन्हा थाप. आता मंच जेमतेम एक पट्टी, आणि खाली फोटोवाल्यांची डोकी. "ही काय नवी तऱ्हा? भारी आहे!" तांग म्हणाला.

सेंदाईला मंच नव्हताच. एकच चेहरा होता, वर वळलेला, तिचा स्वतःचा. डोळे मिटलेले, केस ओले, कपाळाला चिकटलेले. ती तर कोरडी होती! आणि तिनं तोंड वर केलंच नव्हतं.

तिनं काकांना फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं.

"किती फोटो झाले?"

"चार."

"चारांवरून नाव काढ. चारही. आजच."

ती तांगच्या खोलीत गेली. "जपानातले तीन फोटो माझे नाहीत. माझं नाव काढ."

"कोणाचे मग?"

"माहीत नाही. पण माझे नाहीत."

"तुम्हा कलाकारांचं काही कळत नाही बुवा." तांगनं तिच्यासमोरच तीन नावं पुसली. "आणि मुखपृष्ठ? ते छापून झालंय, सांगून ठेवतो. आणि त्याच फोटोवर तुला आणलंय."

आता एक शब्द बोलायचा होता. "तोही" एवढाच. पण तो शब्द बोलला की काम गेलं, पाच वर्षं गेली, परत त्याच कचेरीच्या पायऱ्या. फांग-रू म्हणाली, "तो राहू दे. तो माझा आहे."

काकांना तिनं कळवलं, चारही नावं काढली.

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी टोकियोला ती सगळ्यांत शेवटी, हलक्या मनानं सभागृहाच्या मागच्या दाराशी पोचली. पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं यादीवर बोट फिरवलं.

"फांग-रू? त्या तर मघाशीच आत गेल्या."

"मीच फांग-रू."

"हो का?" त्यानं नम्रपणे यादी फिरवून दाखवली. सही तिची होती, तिच्याच वळणाची. कागद तेवढ्या जागी ओला होऊन फुगला होता. "पास एकच आहे हो, बाईसाहेब. तो त्यांनी नेला. माफ करा."

आत पहिलं गाणं सुरू झालं. दाराच्या फटीतून खंदकाचं टोक दिसत होतं. तिथं एक बुटकी बाई तिच्याच काळ्या टी-शर्टात, तिच्यासारखीच डावा खांदा झुकवून उभी होती. फांग-रूनं हाक मारायला तोंड उघडलं, पण स्वतःचंच नाव घ्यायचं होतं आणि ते जिभेवर येईना. आतल्या बाईनं मात्र हाक ऐकल्यासारखी मान वळवायला सुरुवात केली... अगदी सावकाश...

फांग-रू पळाली. विमानतळापर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.

सकाळी तांगचा फोन आला. "काल तर कहर केलास! आजवरचं सगळ्यांत सरस काम. पण जेवायला का नाही बसलीस आमच्यात? सारखी मेली कोपऱ्यात उभी. आणि एवढी भिजलीस कुठं गं?"

या गोष्टीला दोन वर्षं झाली. फांग-रू पुन्हा कंटेनरच्या याद्या लिहिते. त्या दिवसापासून तिनं कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. आणि तिच्या नावाचा धंदा वाढतोच आहे. आज सोल, उद्या जकार्ता. दर महिन्याला तिच्या नावानं फोटो येतात, एकाहून एक सरस. तांगला तिनं तीनदा फोन केला. तो म्हणतो, "कोण बोलतंय? ती तर इथं माझ्या शेजारी बसलीय." गेल्याच आठवड्यात बंदरावर एक अनोळखी पोरगा तिला बघून थबकला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही परवा मनिलाला होतात ना? हात मिळवलात तेव्हाच विचारणार होतो, तुमच्या बोटांना नखं का नाहीत?"

फांग-रूनं हात खिशात घातले. नखं होती. तिनं पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली.

तेव्हा माझं ऐका. ज्याचं काम त्याच्या नावावर लिहा, मग तो कोणीही असो, दिसो वा न दिसो. तीन खरे लिहिले म्हणून चौथा खपून जात नाही. हिशेब तेवढा चोख ठेवा.