काकांचा पेनड्राइव्ह

हसायचं नाही, आधीच सांगतो. माणूस माझ्या ओळखीतला आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. औषध एकच: बंद करून चालू करा.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेअकरा. ऑफिसच्या साहेबांचा फोन आला. काकांच्या मशिनला माउस कळेना, प्रिंटर कळेना, पेनड्राइव्ह कळेना. सोमवारच्या आत चालू करून ठेव. डॉक्टर पिशवी घेऊन निघाला खरा, पण त्याचा पाय काही उचलेना.

काका म्हणजे तिथले जुने कारकून. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना तडकाफडकी कामावरून काढलं होतं. त्यांनी काही कॉपी करून नेऊ नये म्हणून आदल्या रात्री साहेबांनी डॉक्टरकडून त्या मशिनचे सगळे यूएसबी पोर्ट गुपचूप बंद करून घेतले. जाताना काका पेनड्राइव्ह घेऊन त्याच्याकडे आले.

"बाळा, काकूचे फोटो तेवढे घेऊ दे. ती गेल्यापासून सगळे इथेच ठेवलेत, घरी कुठलं आलंय मशीन?"

साहेब काचेपलीकडून बघत होते. डॉक्टरनं पेनड्राइव्ह लावला, काढला आणि म्हणाला, "काका, हा खराब झालाय."

"असेल बाबा, जुनाच आहे," म्हणत काकांनी वर त्याचेच आभार मानले. चौथ्या दिवशी ते झोपेतच वारले. तेव्हापासून डॉक्टरचं मन त्याला खात होतं.

त्या शनिवारी रात्री ऑफिसात तो एकटाच. काका गेल्यावर पोर्ट त्यानंच पुन्हा चालू केले होते, ते चालूच दिसत होते. केबल बदलली. ड्रायव्हर काढून परत टाकला. प्लग उपटून बटण दाबून धरलं. दरवेळी स्क्रीनवर तेच: उपकरणाची ओळख पटत नाही.

मग... टुडुंग.

काहीतरी जोडल्याचा आवाज. पोर्ट रिकामे होते.

पुन्हा. टुडुंग.

शेजारची खुर्ची... जराशी सरकली.

"काका..." तो खुर्चीकडे वळला. "पेनड्राइव्ह चांगला होता... मी खोटं बोललो."



स्क्रीनवर फोटो कॉपी होऊ लागले. एकेक करत. कशावर... ते दिसेना. काकू. काकू आणि काका. नुसत्या काकू. डॉक्टर लहान मुलासारखा रडला. शेवटचा फोटो गेला आणि माउसचा दिवा लागला. सगळं चालू झालं.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "काय झालं होतं रे?"

खरं सांगायची वेळ हीच होती, आणि ते त्यालाही कळत होतं. पण मग साहेबांचं काम हातचं गेलं असतं.

"काही नाही साहेब... कुणाचा तरी पेनड्राइव्ह खराब होता."

त्याच्या कानाशी कुणीतरी सुस्कारा सोडला...

ते मशीन आजही ठणठणीत आहे. डॉक्टरचा स्वतःचा पेनड्राइव्हसुद्धा. फक्त त्यानं तो आपल्या हातानं लावला, की जगातलं कुठलंही मशीन म्हणतं, ओळख पटत नाही. खोटं वाटतं? परवा आमच्याकडे आला होता. पेनड्राइव्ह माझ्यापुढे धरला आणि मान खाली घालून म्हणाला, "एवढा लावून देता का?"

मी लावला. लगेच उघडला.