बांधलेला डावा हात

नणंदेने दार ढकलून आत पाऊल टाकले आणि हातातली बॅग खाली ठेवायचेही भान तिला राहिले नाही. समोर जेवणाच्या टेबलाशी तिचे वडील बसले होते. त्यांचा धडधाकट डावा हात जाड कापडी पिशवीत घालून मनगटाशी बंदाने आवळलेला होता, आणि लुळा उजवा हात चमच्याशी झटापट करत होता. भात सदऱ्यावर, मांडीवर, जमिनीवर... आणि सून समोरच्या खुर्चीत हाताची घडी घालून नुसती बघत बसली होती.

"वहिनी, हा काय प्रकार आहे?"

"बाबा जेवताहेत."

"याला जेवण म्हणतात? त्यांचा चांगला हात बांधून ठेवलायस तू."

"चांगला आहे म्हणूनच बांधलाय, ताई."

"हे असलं बोलणं तुझ्या गाडी शिकायला येणाऱ्यांना ऐकव. मला नको."

सून मोटार शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय अधांतरी ठेवून, तो दाबायचा मोह आवरणे हीच तिची नोकरी होती. हात आवरून बसायला केवढी ताकद लागते, हे त्यामुळे तिला पक्के ठाऊक होते; पण ते या क्षणी कुणाला सांगणार?

सासऱ्यांची हयात कपडे बेतण्यात गेली होती. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. कापडावर खडूची रेघ न ओढता ते सरळ कात्री चालवायचे. मग एका सकाळी कात्री हातातून गळून पडली, पाठोपाठ मास्तरही पडले. उजवी बाजू गेली, बोलणे दोन-चार शब्दांवर आले. व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी घरातल्यांना बसवून समजावले होते. हात शाबूत आहे. मेंदूतून हाताला हुकूम पोहोचवणारी वाट तेवढी तुटली आहे. नवी वाट पाडायची तर मेंदूला पुन्हापुन्हा तीच धडपड करू द्यायला हवी. चमचा तोंडाऐवजी हनुवटीला लागला, तर ती चूकही फुकट जात नाही. पुढच्या वेळी किती वळायचे ते मेंदू तिच्यावरूनच ताडतो. मात्र डावा हात मदतीला धावत राहिला, तर मेंदू उजव्याचा नादच सोडतो. म्हणून जेवणाच्या वेळी डाव्यावर पिशवी. मास्तरांनी स्वतः मान हलवून होकार दिला होता.

तरीही हात सुधारत नव्हता. का, ते सुनेला कळले होते. एकदा ती दुपारी अवचित घरी आली, तेव्हा खिडकीतून दिसले... पिशवी खुंटीला लटकलेली, आणि सासूबाई मास्तरांना घास भरवत होत्या. भरवताना मांडीवरच्या त्या लुळ्या हाताला मधूनच गोंजारत होत्या. सून पावले न वाजवता मागे फिरली. नवऱ्याचे सगळे आजारपणाने ताब्यात घेतले होते; सासूबाईंपाशी एवढे एकच काम उरले होते. तेही हिसकावून घ्यायचे? कालच व्यायामाच्या बाईंनी विचारले होते, "पिशवी रोज घालता ना? असंच राहिलं तर मी येऊन उपयोग नाही." सासूबाईंचा चेहरा पडलेला पाहून सूनच पटकन म्हणाली होती, "माझाच आळस होतो कधी कधी."

ते वाक्य फोनवरून नणंदेपर्यंत पोहोचले होते, आणि म्हणूनच ती आज आली होती.

"आळस तुझा आणि हाल बाबांचे," नणंद म्हणाली. "दादा परगावी, त्यामुळे विचारणारं कुणी नाही. मी त्यांना घेऊन जाते. माझ्याकडे निदान कुणीतरी भरवेल."

तिकडे भरवणारे हात खूप होते; मास्तरांचा उजवा हात तिथे कायमचा मांडीवर पडून राहिला असता. सुनेने खरे सांगितले तर तो हात वाचणार होता, पण सासूबाईंची लेकीसमोर शोभा होणार होती. "थोडे दिवस थांबा, ताई," एवढेच ती म्हणाली.

नणंद पुढे झाली आणि तिने पिशवीच्या बंदाला हात घातला.

"राहू दे तो बंद."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "ती कामाला गेली की मीच पिशवी काढते. मीच भरवते. तिनं काल माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी ते ऐकून गप्प बसले."

"अगं पण आई, का?"

"बघवत नाही गं. या हातानं माझी पहिली चोळी बेतली... तो घास सांडतो, ते बघवत नाही." त्या सुनेकडे वळल्या. "तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

सुनेने मान खाली घातली. डोळ्यांतले पाणी तिने तसेच ओघळू दिले. "आई, तुमचं प्रेम बघूनच मला बोलवेना."

"मग दोघींनी मिळून वाट लावली की यांची," सासूबाई म्हणाल्या, आणि रडता रडता त्यांना हसू आले. नणंदेने बंद सोडला नाही. सैल झालेली गाठ तिने हळूच पुन्हा आवळली. "वहिनी, चुकलं माझं," ती पुटपुटली.

या सगळ्या गदारोळात मास्तरांनी चमचा खाली ठेवला नव्हता. आता तो थरथरत वर निघाला. अर्धा भात वाटेतच पडला. चमचा हनुवटीला लागला, थबकला, पुन्हा वळला.

सासूबाईंचा हात आपसूक पुढे गेला. त्यांनी तो मागे ओढला, सुनेच्या शेजारी खुर्ची घेतली आणि दोन्ही मनगटे जुळवून तिच्यापुढे धरली.

"सूनबाई, माझेही हात बांध."

सुनेने ते हात बांधले नाहीत. आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवले. समोर चमच्यातली उरलेली शिते मास्तरांच्या तोंडात गेली होती, आणि ते कुणाकडेही न बघता सावकाश चावत होते.