तडकलेल्या पुंगळ्या

"चोरी नाही म्हणता येणार, बाई. काही गेलेलं नाही. पण घात झालाय," मानसिंग परदेशी म्हणाले आणि रुमालात गुंडाळलेलं काडतूस त्यांनी टेबलावर ठेवलं.

खासगी तपास करणाऱ्या शिवलीला हत्तुरे यांनी चष्मा चढवला. पितळेने जिथे गोळीला धरलेलं असतं, त्या मानेवर केसाएवढी उभी चीर होती.

"असलं उडवलं असतं तर?" त्यांचे पती वीरभद्रप्पा दारातूनच म्हणाले. तपासात ते बायकोबरोबर असत, गाडी चालवत आणि हटकून चुकीच्या माणसावर संशय घेत.

"माझी शिष्या अक्षता उडवणारच होती. चेहऱ्याजवळ गरम वायू सुटला असता. पोरीची नजर तेज म्हणून वाचली."

मानसिंग हौशी नेमबाज. रायफलच्या उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, तोंडाशी तापवून मऊ करायच्या आणि परवान्यानिशी पुन्हा भरायच्या, हा त्यांचा जुना छंद. पुंगळ्या आणून देई त्यांचा दोस्त रज्जाक, बेगम पेठेतला पितळी भांड्यांचा दुकानदार.

"त्यानंच जीर्ण माल मिसळला. त्याची नात मेहनाज अक्षताच्या तोडीची आहे. संघात जागा एकच. मी नेमबाजी क्लबात सर्वांदेखत बोललो, तक्रारही दिली. उद्या बैठकीत त्याचं सभासदत्व जाईल."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

मानसिंग खाली बघत म्हणाले, "तो एक शब्द बोलला नाही, बाई. भांडला असता तर बरं झालं असतं."

मानसिंगांच्या विजापूर रोडवरच्या घरात मागची खोली कूलरने गारेगार होती. मानसिंगांनी गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं.

"अगं आई गं, काय ही धूळ!" वीरभद्रप्पा डोळे पुसू लागले.

शिवलीलाबाईंनी फळीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छच राहिलं.

वरच्या फळीवर उघड्या डब्यात भरलेली काडतुसं होती. जवळजवळ सगळ्यांच्या मानेला चिरा. शेजारी त्याच पोत्यातल्या पुंगळ्या, रिकाम्या, तापवून मऊ केलेल्या. त्यांना एकही चीर नाही. खाली ब्रश, तेल, दोन-तीन बाटल्या आणि एक जुनं पितळी पदक. पदकावर निळसर झाक आली होती.

"कूलर जुना आहे?"

"यंदाच घेतला. बाळाबाईला उन्हाळा सोसत नाही."

बाळाबाई म्हणजे मानसिंगांची थोरली बहीण, कुर्डुवाडीहून राहायला आलेली. ती सोप्यात शेंगा फोडत होती.

"त्या कपाटाला मी कशाला हात लावू? किल्ली मानसिंगच्या गळ्यात. माझ्या चकरेचं औषध बी त्यातच ठेवलंया. हुंगायचं झालं तर त्याला हाका माराव्या लागत्यात."

"तुमच्याजवळ का नाही ठेवत?"

"एकदा सांडलं की माझ्या हातनं! लई वरडला."

क्लबात अक्षता सराव संपवून निघालीच होती. "सर किल्ली कुणालाच देत नाहीत," ती म्हणाली. "महिन्यापूर्वी हीच काडतुसं मी एकेक पुसून डब्यात लावली, सरांच्या समोर. तेव्हा चीर असती तर मला दिसली असती. रज्जाकचाचा तसे नाहीत, मॅडम. पण सरांना कोण सांगणार?"

रज्जाक दुकानात घागरी रचत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"मी काय सांगू, ताई? त्यानं बोल्लं ते बोल्लं." मग गल्ल्यामागून त्याने एक डबी काढली. "त्याच पोत्यातल्या पुंगळ्या. त्यानं भरल्या त्याच हप्त्यात मी बी भरल्या, परवाना मला बी हाय. बघा की."

एकही तडकलेली नव्हती.

"हाच," बाहेर येताच वीरभद्रप्पा कुजबुजले. "चांगला माल स्वतःला ठेवला."

"अहो, गाडी काढा."

संध्याकाळी त्या कपाटासमोर मानसिंग आणि बाळाबाई बसले. शिवलीलाबाई उभ्या राहिल्या.

"जीर्ण पुंगळी उडवताना फाटते. या नुसत्या डब्यात पडून तडकल्या. महिन्यापूर्वी त्या धड होत्या, म्हणजे दोष आणणाऱ्याचा नाही. जे झालं ते या कपाटात झालं. आणि इथे कुणी हत्याराने चिरा पाडल्या असत्या, तर रिकाम्या का सोडल्या असत्या?"

"का?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

"कारण हे माणसाचं काम नाही. भरलेल्या काडतुसात गोळी मानेला आतून ताणून धरते. रिकाम्या, मऊ केलेल्या पुंगळीत तो ताण नसतो. ताणलेल्या पितळेला दमट हवेत अमोनियाचा वास लागला की ते तडकतं. पूर्वी घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात अशीच जात. इथे ओल कूलरची. पदक त्याच वायूनं निळं पडलं, आणि आमच्या यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेही धुळीनं नाही. बाळाबाई, तुमच्या औषधात काय असतं?"

"नवसागर आन चुना की. दुसरं काय?"

शिवलीलाबाईंनी खालची बाटली उचलली. बूच सैल होतं. "हे दोन्ही मिसळले की तोच वायू सुटतो, अमोनिया. रज्जाकभाईंच्या दुकानात ना ही बाटली, ना कूलर. म्हणून त्यांची काडतुसं शाबूत."

"माझ्या औषधानं पोरगी..." बाळाबाईंचा हात तोंडावर गेला.

"तुम्ही बाटली तिथे ठेवली नव्हती, बाळाबाई."

मानसिंगांनी बहिणीकडे पाहिलं, मग चपला शोधायला लागले.

दुकानासमोर स्कूटर लावून ते पायरीवरच थांबले. हत्तुरे पतिपत्नी मागे गाडीत होते.

"रज्जाक, चूक माझी. माझ्याच हातची. तक्रार मागे घेतो."

"बोल्लास कुठं? क्लबात. सगळ्यांच्या म्होरं."

"उद्या बैठकीत सांगतो."

"बैठकीत चार म्हातारे. त्या दिवशी पोरं होती. माझी मेहनाज होती. ती आत्ता तिथंच हाय."

मानसिंग घुटमळले. ज्यांना नेम धरायला शिकवलं, त्यांच्यापुढे मान खाली घालायची होती.

"चल," ते शेवटी म्हणाले.

रज्जाकने शटर खाली ओढलं, त्यांना बाजूला सारून स्कूटरचं हँडल धरलं आणि पुढे बसला.

"बस मागं. वाटेत परत फिरशील, तुझा काय भरवसा?"

मानसिंग मुकाट्याने मागे बसले.