न सुटलेला कोसा

"गोदावरीबाईनं पाणी उकळू दिलं, म्हणून विकर मेलं, असं सगळे म्हणतात. उद्या तिला कामावरून काढणार," चंद्रकांताबाई यादोरावांना म्हणाल्या. "मला पटत नाही."

आंबागडच्या कोसा रेशीम केंद्रात त्या एकच काम करत आल्या होत्या. जिवाणूंवर अतिनील किरण टाकायचे, तगतील ते निवडायचे, पुन्हा किरण टाकायचे. शेवटी एक वाण हाती आला. त्याचं विकर, म्हणजे एन्झाइम, कढत पाण्यातही कोशाचा डिंक सोडवायचं. म्हणजे धागा काढणाऱ्या बायांना सोड्याच्या पाण्यात हात जाळायला नकोत. काल चाचणी जमली. आज नागपूरच्या साहेबांपुढे एकाही कोशाचा धागा सुटला नाही.

खाजगी तपास करणारे यादोराव लगेच निघाले. सोबत श्यामराव. बायको गेल्यापासून श्यामराव कोणी नेईल तिकडे जात.

"उकळलं नाही जी," धागा काढणारी गोदावरीबाई म्हणाली. "बोट बुडवून पाहत होती मी." सोड्यानं तिची बोटं फाटली होती.

सोडा विकणारा धनीराम हसला. "विकर आलं तर माझंच दुकान बसते. पण मी कालपासून सिहोऱ्याले लग्नात होतो. सारी वरात साक्षीले आहे."

"रात्री मीच होतो," चौकीदार टिकाराम म्हणाला. "कोणी नाही आलं."

"कडं नवं काय?" यादोरावांनी विचारलं.

"नाही जी. वातासाठी घालतो. लय जुनं आहे." त्यानं चकचकीत तांब्याचं कडं बाहीत सारलं.

यादोरावांनी चाचणीच्या पितळी गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, काठाखाली बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

श्यामराव गंजात स्वतःचं तोंड पाहत बसले होते. "पाहुणे येणार असले की ती चिंच लावून गंज घासे," ते म्हणाले. "आता घरचे सारे काळे पडले."

"हा गंजही काल काळाच होता," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

यादोरावांनी सगळ्यांना बोलावलं.

"काठाखाली चिंच आहे. रात्री कोणी तरी गंज घासला. फाटल्या हातानं कोणी चिंच धरत नाही, आग होते. धनीराम गावात नव्हता. आणि जुनं तांबं आपोआप चमकत नाही. टिकाराम, चिंचेत हात घातला तेव्हा कडं काढाचं राहिलं तुझं."

टिकाराम खाली बसला. "साहेब लोक येनार होते. काळा गंज कसा दाखवाचा? आतून धुतला नाही, फक्त पुसला."

"चिंचेचं आंबट, त्यात विरघळलेलं पितळेतलं तांबं. त्यानंच विकर मेलं," चंद्रकांताबाई हळूच म्हणाल्या. "मी उष्णतेला टिकणारं विकर केलं. आंबटाचा विचारच केला नाही."

"सांगितलं काहून नाही?" यादोरावांनी विचारलं.

"नोकरी गेली असती."

"अन् माही जात होती ते?" गोदावरीबाई म्हणाली.

उरलेलं विकर मडक्यात घातलं. संध्याकाळी गोदावरीबाईनं कोसा उचलला आणि धागा ओढला. तो येत राहिला.

परतताना श्यामरावांनी बाजारात चिंच घेतली. घरी कोणी येणार नव्हतं.